हरलेला डाव फेकून देऊ नका

सातव्या चालीला तिचा राजा पटाच्या मधोमध उघडा पडला. त्यानंतर डाव संपायला फार वेळ लागला नाही. गेल्या वर्षीची गोष्ट. पुण्याच्या बाजूला झालेल्या एका शालेय स्पर्धेत आमच्या केमची आठवीतली एक मुलगी काळी मोहरी घेऊन बसली आणि दहा मिनिटांत हरून बाहेर आली. तिच्यासोबत गेलेला मोठा माणूस मीच होतो. परतीच्या गाडीत जेऊर मागं पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "काका, समोरचीला सगळं पाठ होतं. मलाही एखादं ओपनिंग पाठ करून द्या ना."

ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली. मी नाही म्हणालो. तिला तेव्हा वाईट वाटलं असेल. पण मी नाही का म्हणालो, हे तिच्या आईवडिलांना, तिच्या शिक्षकांना आणि गावोगावी मुलांना पटासमोर बसवणाऱ्या सगळ्यांना सांगावं असं मला मनापासून वाटतं.

मी कुंकवाच्या धंद्यातला माणूस. करमाळा तालुक्यातलं आमचं गाव पुणे–सोलापूर लोहमार्गावर आहे आणि कुंकवासाठी ओळखलं जातं. माझ्या आजोबांनी हेच काम केलं, वडिलांनी केलं, मी करतो. संध्याकाळी काम थांबलं, की आमच्या वखारीच्या ओट्यावर चार पट मांडले जातात आणि गल्लीतली दहा-बारा पोरं येऊन बसतात. माझ्याकडं कुठलाही किताब नाही. मी फक्त चाळीस वर्षं मन लावून खेळलोय.

हा नाद मला हळदीनं लावला. लहानपणी वडिलांबरोबर हळकुंडांच्या खरेदीला सांगलीला जायचो. सांगली जशी हळदीची पेठ, तशीच बुद्धिबळाचीही. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथलं. पुढं देशात नाव कमावलेल्या स्वाती घाटे याच सांगलीच्या. एकदा सौदा उशिरा सुटला म्हणून वडील मला खेळ बघायला घेऊन गेले. दोन माणसांचा डाव संपला. मला वाटलं, आता हरलेला उठून जाईल. तो उठला नाही. दोघांनी मोहरी पुन्हा पहिल्या जागी लावली, कागदावर लिहिलेल्या चाली बघत डाव सुरुवातीपासून परत मांडला, आणि हरलेला माणूस जिंकलेल्याला विचारू लागला, "इथं मी हत्ती आणला असता तर?" पाऊण तास ते दोघं त्या 'तर'मध्ये बुडून गेले होते. बुद्धिबळ म्हणजे काय, हे मला त्या पाऊण तासात कळलं.

म्हणून गाडीतून उतरल्यावर मी त्या मुलीला एकच विचारलं, "डाव लिहिलास का?" लिहिला नव्हता. वेळ कमी असलेल्या जलद डावांत चाली लिहिणं बंधनकारक नसतं आणि मी पाहिलेल्या बहुतेक शालेय स्पर्धांत डाव असेच उरकले जातात. तिला पहिल्या आठ चाली आठवत होत्या. पुढच्या गेल्या त्या गेल्याच. निम्मा डाव हरवलेला, तरी त्या आठ चालींवर आम्ही दोन महिने घालवले.

डाव असा होता. दोघींनी राजासमोरचं प्यादं दोन-दोन घरं पुढं टाकलं. पांढऱ्याचा घोडा बाहेर आला, काळ्याचाही आला. पांढऱ्याचा उंट सी४ या घरावर येऊन बसला आणि काळ्याने दुसरा घोडा काढला. या मांडणीला टू नाइट्स डिफेन्स म्हणतात, म्हणजे दोन घोड्यांचा बचाव. चौथ्या चालीला पांढऱ्याच्या घोड्याने जी५ वर उडी मारली. आता उंट आणि घोडा या दोघांचीही नजर एफ७ या एकाच घरावर. डावाच्या सुरुवातीला त्या घराची राखण एकटा राजा करतो, दुसरं कुणी नाही. सगळ्या पटावर काळ्याचं याहून कच्चं घर नाही.

काळ्याने उंटाची वाट अडवायला डी५ वर प्यादं टाकलं. हे बरोबर केलं. पांढऱ्याने ते प्यादं मारलं. आता काळ्याची पाचवी चाल. आमच्या मुलीने घोड्याने ते प्यादं उचललं. गेलेलं परत मिळालं आणि घोडाही पटाच्या मध्यावर आला. कुणालाही हीच चाल सुचेल. पण मग पांढऱ्याचा घोडा एफ७ वर तुटून पडतो. तिथून तो वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम चालून जातो, त्यामुळं राजाला तो मारावाच लागतो. लगेच पांढऱ्याचा वजीर एफ३ वर येतो. राजाला शह आणि मधल्या घोड्यावर मारा, दोन्ही एकाच चालीत. घोडा वाचवायचा तर राजालाच ई६ वर, भर चौकात, यावं लागतं. या हल्ल्याला फ्राइड लिव्हर म्हणतात. फोनवर खेळणाऱ्या प्रत्येक पोराला तो माहीत असतो, कारण तो झटपट जिंकून देतो.

मी मुलांना नियम घातला, की आठ दिवस कुणी फोनला विचारायचं नाही. प्रश्न एकच होता. पाचव्या चालीला प्यादं मारण्याऐवजी दुसरं काय करता आलं असतं? पोरांनी खूप चाली सुचवल्या, आम्ही एकेक करून पटावर बघितल्या. चौथ्या दिवशी सहावीतला एक मुलगा म्हणाला, "दुसरा घोडा ए५ वर ठेवला तर? उंट पळेल." ती मुलगी लगेच म्हणाली, "काका, घोडा कडेला ठेवू नये असं तुम्हीच सांगता ना?"

मी सांगतो, आणि ते खोटं नाही. पटाच्या मधल्या घोड्याला जायला आठ घरं असतात, ए५ वरच्या घोड्याला चारच. अर्धी ताकद घालवायची कशासाठी? उत्तर पटावरच शोधायचं ठरलं. घोड्याने उंटावर मारा केला. उंटाने बी५ वर जाऊन शह दिला. काळ्याने सी६ वर प्यादं आणून शह अडवला, पांढऱ्याने ते मारलं, काळ्याने बी-प्याद्याने परत मारलं. पुन्हा उंटावर मारा, तो ई२ वर मागं गेला. काळ्याने एच६ वर प्यादं ढकललं, घोडाही आला तसा एफ३ वर माघारी गेला.

आता मोजा, मी म्हणालो. प्यादी मोजली. पांढऱ्याची सात, काळ्याची सहा. काळा एका प्याद्याने मागं. मग चाली मोजल्या. पांढऱ्याच्या नऊ चालींपैकी तीन त्या घोड्याने खाल्ल्या, तीन त्या उंटाने, तीन प्याद्यांनी. इतकं धावूनही पांढऱ्याची दोनच मोहरी बाहेर. आणि आता काळ्याने ई-प्यादं पुढं टाकलं, की त्या घोड्याला चौथ्यांदा उठावं लागणार. मुलांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. काळ्याने एक प्यादं देऊन वेळ विकत घेतला होता. कडेचा घोडा पुढं परत आणायला चाली खर्चाव्या लागतात, ती किंमतही आम्ही वहीत लिहिली. पण 'घोडा कडेला ठेवू नये' हा नियम का आहे आणि तो कधी मोडायचा, हे दोन्ही त्या संध्याकाळी एकदमच कळलं. नुसती चाल पाठ करून दिली असती, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

आमच्या धंद्यातही हेच आहे. हळद पिवळी असते, तिच्यात क्षार गेला की ती लाल होते. वडील सांगायचे, प्रमाण पाठ असलेला माणूस चांगल्या दिवशी चांगला माल काढतो. रंग का चढतो हे ज्याला कळतं, तोच बिघडलेला माल दुरुस्त करू शकतो. ओपनिंगचं तसंच. पाठ केलेल्या चाली समोरच्याने पुस्तकाप्रमाणं खेळेपर्यंत साथ देतात. त्याने वाट बदलली, की त्या क्षणी पोराला स्वतःच्या डोक्याशिवाय दुसरं कुणी नसतं.

आठ दिवसांनी मी मुलांना या चालींचा इतिहास सांगितला. त्या मुलीचा राजा ज्या हल्ल्यात सापडला, तो इटलीतल्या ज्युलिओ चेझारे पोलेरिओ यांच्या हस्तलिखितांत नोंदलेला आहे. चारशे वर्षांपूर्वीचा हल्ला आमच्या केमच्या मुलीवर झाला, कारण कुणीतरी तो लिहून ठेवला होता.

याहून मोठी गोष्ट स्टाइनिट्झ आणि चिगोरिन यांची. विल्हेल्म स्टाइनिट्झ तेव्हा जगज्जेते होते आणि न्यूयॉर्कला राहत. मिखाईल चिगोरिन रशियात, सेंट पीटर्सबर्गला. स्टाइनिट्झ यांनी १८८९ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात काही ओपनिंगांबद्दल ठाम मतं मांडली होती, ती चिगोरिन यांना पटली नाहीत. वाद पटावर मिटवायचं ठरलं आणि १८९०–९१ मध्ये दोघं तारेने दोन डाव खेळले. एकेक चाल समुद्रापलीकडं तारेतून जायची. त्यातला एक डाव हाच, दोन घोड्यांचा बचाव. चिगोरिन यांनी घोडा ए५ वर ठेवला, तोच आमच्या सहावीतल्या पोराचा घोडा. नवव्या चालीला स्टाइनिट्झ यांनी आपला घोडा एफ३ वर परत न आणता एच३ वर नेला. म्हणजे पटाच्या दोन्ही कडांना एकेक घोडा! जी५ वरची उडीच मुळात अडाणी आहे, असं पुढं जर्मनीचे डॉ. टाराश म्हणत, त्यातून ही कडेची चाल. स्टाइनिट्झ तो डाव हरले. दुसराही हरले.

हरले म्हणून ती चाल संपायला हवी होती. पण डाव लिहिलेला होता, छापलेला होता. १९६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या स्पर्धेत बॉबी फिशर आर्थर बिसगायरविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी बसला. तेच ओपनिंग आलं, बिसगायरचा घोडा ए५ वर गेला आणि फिशरने नवव्या चालीला घोडा एच३ वर ठेवला. बहात्तर वर्षांपूर्वी हरलेल्या डावातली चाल त्याने पुन्हा पटावर आणली आणि जिंकला. फिशर जुन्या काळातल्या खेळाडूंचे डाव बारकाईने वाचायचा, हे सर्वांना माहीत आहे. हरलेल्या डावाला इतकं आयुष्य असतं. अट एकच, तो कुणीतरी जपला पाहिजे.

इथं मला माझ्या आजोबांची आठवण येते. ते कापडी पटावर देशी पद्धतीचं बुद्धिबळ खेळायचे. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, राजाला तोवर शह बसला नसेल, तर डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. गावातले जाणते सांगतात, आजोबा हळूहळू मोहरी लावत, समोरच्याला पुढं येऊ देत आणि मग त्याचा मधला भाग फोडत. हेच वळण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी यांच्या खेळात होतं. ते स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रन यांच्याशी खेळत. मध्यावर प्यादी न लोटता आधी घोडा काढायचा, एक प्यादं एकच घर सरकवून उंटाला कोपऱ्यातून लांब तिरकी वाट करून द्यायची. युरोपच्या लोकांना हे नवं होतं. पुढं १८८४ पर्यंत या मांडणीला इंडियन डिफेन्स हे नाव मिळालं. आज जगात कुठंही राजाचा इंडियन, वजिराचा इंडियन खेळला जातो, त्यात आपल्या देशी पटाचा वारसा आहे.

बॅनर्जींचे डाव उरले, कारण ते लिहिले गेले आणि इंग्लंडमध्ये छापले गेले. माझ्या आजोबांचा एकही डाव उरलेला नाही. उत्तरेश्वराच्या देवळाजवळ ते कितीतरी दुपारी खेळले, गावाने बघितलं, वाहवा केली आणि सगळं हवेत गेलं. बुद्धिबळ जन्मलं या मातीत, पण इथल्या हजारो गावांनी खेळलेल्या डावांची वही कुठंच नाही. हे दुःख मला खरोखर लागतं. आजच्या पोरांच्या बाबतीत तरी ते पुन्हा घडू नये.

काही पालक मला म्हणतात, मोठे खेळाडू ओपनिंग पाठ करतातच ना? करतात. नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुराला हरवलं. रुय लोपेझ ओपनिंग होतं आणि विदितने पांढऱ्या राजासमोरच्या एच३ च्या प्याद्यावर उंटच फेकला. अशी चाल घरच्या तयारीतून आलेली असो की पटावर सुचलेली, उंट दिल्यानंतर समोरच्याच्या प्रत्येक उत्तराला तोंड द्यायला समजच लागते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ ला बटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीबरोबरचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत गेला आणि दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी घेतला. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तो डाव ठरला, तोवर पाठ केलेल्या चाली केव्हाच मागं पडल्या होत्या. मोठ्यांचं पाठांतर समजेच्या पायावर उभं असतं. आपण लहान पोरांना पाया न घालता वरचा मजला देतो आणि तो कोसळला, की पोराला डोकं नाही असं म्हणतो. तिथंच मुलं खेळ सोडतात. मुली तर आधी सोडतात.

मोबाइलबद्दलही बोललं पाहिजे. मी त्याच्या विरोधात नाही. पूर्वी सांगलीला जाऊन जे मिळायचं, ते आज केममध्ये ओट्यावर बसून मिळतं, ही फार मोठी सोय आहे. पण फोन चूक लगेच दाखवतो आणि चूक लगेच दिसली, की ती शोधण्याची सवय लागत नाही. आमच्या ओट्यावरचा क्रम ठरलेला आहे. आधी वही, मग पट, मग एकमेकांशी वाद, आणि सगळ्यात शेवटी फोन. आपण काढलेलं उत्तर फोनने बरोबर ठरवलं, तर पोरं ओरडतात. चूक ठरवलं, तर नवा प्रश्न मिळतो. दोन्हीकडून फायदाच.

माझ्या मागण्या लहान आहेत. शालेय स्पर्धा भरवणाऱ्यांनी निदान एका फेरीला पुरेसा वेळ द्यावा आणि त्या फेरीत दोघांनाही चाली लिहायला लावाव्यात. ज्या शाळेत बुद्धिबळाचा पट आहे, तिथं त्याच्या शेजारी एक जाड वही असावी आणि तिच्यात शाळेतल्या मुलांचे डाव तारखेसह उतरवले जावेत. महिन्यातून एकदा त्यातला एक हरलेला डाव फळ्यावर मांडून सगळ्या वर्गाने मिळून तपासावा. जिंकलेला नको, हरलेलाच. हरणाऱ्या पोराला त्या दिवशी वर्गात मान मिळाला पाहिजे, कारण शिकायला मिळालं ते त्याच्यामुळं. आणि पालकांनी स्पर्धेहून आलेल्या लेकराला "जिंकलास का?" याच्या आधी "डाव दाखव" असं म्हणावं. या सगळ्याचा खर्च एका वहीचा आहे. केमला परवडतो, तर कुणालाही परवडेल.

आमची वही लाल पुठ्ठ्याची आहे. पानापानावर कुंकवाच्या बोटांचे ठसे आहेत. पुसून जात नाहीत, मीही पुसू देत नाही. पहिल्या पानावर त्या मुलीच्या हरलेल्या डावाच्या आठ चाली आहेत आणि त्यांच्याखाली मोकळी जागा. पुढच्या चाली कधी आठवल्याच तर लिहायच्या म्हणून तिने ती ठेवली आहे.

यंदा ती पुन्हा खेळायला गेली. एका फेरीत समोरच्या मुलाने चौथ्या चालीला घोडा जी५ वर टाकला. तिने डी५ खेळलं आणि पाचव्या चालीला घोडा ए५ वर ठेवला. समोरचा थांबला, बराच वेळ थांबला. ती तो डावही हरली. पण यावेळी गाडीत बसल्या-बसल्या तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. त्यावर एक्केचाळीस चाली होत्या, तिच्या हातच्या, एकही न गाळलेल्या. अठ्ठाविसाव्या चालीवर तिने पेन्सिलने गोल केला होता.

"काका, इथं बघा. इथं मी हत्ती आणला असता तर?"

त्या रात्री वखारीच्या ओट्यावरचा दिवा बराच वेळ चालू होता.